रकाना क्रमांक सात

मोखोतलोंगच्या वर, गाडीरस्ता संपून
खेचरांची वाट सुरू होते, तिथल्या दगडी शाळेत
मी तपासणीला गेलो होतो. ऑगस्ट. पत्र्यावर बर्फ.
आत सत्तावन्न मुलं आणि एकच रॉकेलची शेगडी.
मागच्या बाकावर मला जागा करून दिली,
म्हणजे दोन पोरं खाली जमिनीवर बसली.

माझ्याजवळ छापील तक्ता होता, बारा रकान्यांचा.
बाई किती मिनिटं बोलल्या.
शाबासकी किती वेळा दिली (रकाना सात).
फळा स्वच्छ आहे का.
तक्ता मीच आखलेला, मासेरूच्या कचेरीत,
हीटरला पाय लावून.

मालिनेओबाईंनी लिहिलं:
दोनशे तीन मेंढ्या. अठ्ठ्याहत्तर विकल्या.
उरल्या किती?

आणि गप्प झाल्या.

तीन सेकंद. चार.
माझ्या घशाशी उत्तर येऊन ठेपलं.
वीस वर्षांच्या मास्तरकीची खोड:
शांतता दिसली की बुजवायची,
खड्डा बुजवावा तशी.
सहा. शेगडी फुरफुरली. सात.
बाई खडूच्या टोकाकडे बघत होत्या,
जणू त्यांनाही खरंच ठाऊक नव्हतं.

नवव्या सेकंदाला मोएकेत्सी उठला,
घोंगडीची पिन सावरत, गमबूट फटफटवत.
रात्री मेंढवाड्यावर निजतो तो,
शाळेत येतो दिवसाआड.
आठातून तीन गेले, पाच.
सातातून शून्य, सात. दोन तसेच.
दोनशे पंचाहत्तर.

चुकलं, असं बाई म्हणाल्या नाहीत.
बरोबर, असंही नाही.
"मोएकेत्सी या पाचापर्यंत कुठल्या वाटेनं पोचला?
तो सोडून कोण सांगेल?"

पुन्हा तीच थांबलेली हवा.
मग न्याकालो बोलायला लागली, त्याचीच वाट,
इतकी इमानदारीनं, पायरी न पायरी,
की क्षणभर मलाही पटलं.
शेवटच्या पायरीवर ती अडखळली.
"पण... विकल्यावर कळप वाढला?"

हसू पिकलं. सगळ्यांत आधी मोएकेत्सीच हसला.
"माझ्या मामाच्या वाड्यात असं एकदाही झालेलं नाही!"
त्यानं काही पुसलं नाही.
शेजारी नवं मांडायला घेतलं,
आता बोट दाराबाहेरच्या उतारावर रोखून:
"संध्याकाळी मी हरवलेल्या मोजतच नाही.
आलेल्यांपासून पुढे चालत जातो.
अठ्ठ्याहत्तर ते शंभर, बावीस.
शंभर ते दोनशे तीन, एकशे तीन."
मग बराच वेळ ओठ हलत राहिले.
"एकशे पंचवीस."

मी पेन सरसावलं. आता तरी.
बाई म्हणाल्या,
"मग वजाबाकी म्हणजे काढून घेणं,
की चालत जाणं?"

उत्तर कुणाला आलं नाही.
रुळाच्या तुकड्यावर हातोडा पडला, तास संपला,
मुलं तो प्रश्न तसाच घेऊन
बर्फात पांगली, भांडत.

नंतर मी विचारलं, जरा साहेबी आवाजात,
एकदाही शाबास म्हणाला नाहीत?
त्या काजळलेली वात कातरत होत्या.
"एकाला शाबास म्हटलं
की उरलेले छप्पन्न विचार करायचं सोडतात, सर.
त्याला मी दारात म्हणते. एकट्याला."

लेरिबेला माझ्या वर्गात एक मुलगी होती,
तोंड उघडायच्या आधी श्वास घ्यायची, मोठा.
त्या श्वासातच मी उत्तर सांगून टाकायचो.
दर वेळी.
तिचा आवाज कसा होता, मला आठवत नाही.
आठवायला ऐकलेला असावा लागतो.

निघताना फळ्याकडे पाहिलं.
सगळं पुसलं होतं,
फक्त दोनशे पंचाहत्तरभोवती चौकट आखून
खाली लिहिलं होतं: पुसू नये,
रात्रीच्या वर्गाला हवंय.

फळा स्वच्छ आहे का.
मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो,
पेन उघडं ठेवून.